फसफसणारं सीरम

३ मार्च
आजपासून रोज लिहिणार. माणूस वर चढत असताना नोंद ठेवलेली बरी. मार्केटिंगच्या बाईंनी आज सगळ्यांदेखत सांगितलं की चेहऱ्याला लावायच्या नव्या सीरमच्या व्हिडिओत बोलणं कमी, आवाज जास्त. म्हणजे मी! सोळा वर्षं साउंड रेकॉर्डिस्ट आहे, पण कानाला भाव आत्ता आला.
संकल्प: लेकीशी रोज अर्धा तास गप्पा. पुढच्या वर्षी दहावी. शिवाय चहा कमी.

५ मार्च
सीरमला आवाजच नाही. माइक बाटलीत बुडवायचा तेवढा बाकी ठेवला. शेवटी पित्ताची गोळी पाण्यात टाकली. फस्सऽऽ! कानात गुदगुल्या. व्हिडिओतल्या मुलीने (आठ लाख फॉलोअर्स, सगळ्या तिला ग्लोताई म्हणतात) गालावर थेंब लावून नुसते डोळे मिटले. वरून वाक्य टाकलं: फसफस ऐकू आली की समजा, मेलेली त्वचा निघाली. वाक्यही माझंच. बाई खूश.
गप्पा राहिल्या. उद्या एक तास.

११ मार्च
लेकीच्या खोलीतून माझी फसफस! दाराबाहेर उभं राहून चार वेळा ऐकली. ऊर भरून आला. सांगणार होतो, हा तुझा बाप. पण ऑफिसची मीटिंग होती.
चहा: पाच कप. कामाचा ताण.

१४ मार्च
जेवताना लेकीने स्वतःहून विषय काढला. विचारलं, बाबा, सीरमचा खरंच आवाज येतो का? कंपनीचं गुपित कसं फोडणार? म्हटलं, कान तयार लागतात. बायको हसली, मीही हसलो. लेक हसली नाही, पण ती हल्ली गंभीर झालीय. अभ्यासाचं लक्षण.
गप्पा झाल्या असं धरायला हरकत नाही.

२० मार्च
व्हिडिओ चाळीस लाख. बाईंनी केक कापला, पहिला तुकडा मला.
बायको म्हणते, पोरीचा चेहरा बघ. लांबून बघितला. जरा लाल. त्या वयात येतंच काहीतरी. मलाही यायचं, कुणी डोक्यावर घेतलं नव्हतं.

२४ मार्च
लेक घरातही ओढणी गुंडाळून बसते. शाळेत गेली नाही. मैत्रिणीशी वाजलं असणार. रविवारी निवांत बोलणार, फोन बंद ठेवून.

२८ मार्च, रविवार
ऑफिसला जावं लागलं. नव्या क्रीमचा 'पचक्' जमत नव्हता.

३० मार्च
बायकोने मला विचारलंच नाही, सरळ तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन निघाली. मी मागून धावत रिक्षात बसलो. डॉक्टरांनी ओढणी काढायला लावली. गाल सोलल्यासारखे, मध्ये काळपट चट्टे. बायकोने सीरमची बाटली टेबलावर ठेवली. यावर दोन मिनिटं लिहिलंय, तू किती वेळ ठेवलंस, असं डॉक्टरांनी विचारलं. लेक म्हणाली, आवाज येईपर्यंत. आरशासमोर कान देऊन बसायचे. आग व्हायची तरी पुसलं नाही, आणखी लावलं. सगळ्यांच्या चेहऱ्यावर येतो, फक्त माझ्याच येत नाही असं वाटलं.
डॉक्टरांनी मान वर करून विचारलं, कसला आवाज? मी घाईने फी किती ते विचारलं.

३१ मार्च
आज ऑफिसला गेलो नाही. लेकीच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. गोळी, पाणी, वाक्य, सगळं. रडायचं नाही असं ठरवून गेलो होतो, तेही जमलं नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, डाग जातील ना? डॉक्टर म्हणाले होते, सांगता येत नाही. मी म्हटलं, जातील. तिने विचारलं, बाबा, हे खरं की हेही बनवलेलं?
मी म्हटलं, खरं.
तिने मान हलवली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.