काकू, कोंबडीच्या पद्धतीने

रूसे,
२ सप्टेंबर

प्रिय झ्लातिना,

इकडे ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, आवाज शाबूत आहे. राद्का तुझी आठवण काढते. लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी तिला माझ्यापेक्षा माझी बहीण प्रिय. आता मुद्द्यावर येतो. मला संशय आलाय आणि तो पोटात ठेवणं मला जमत नाही.

सोझोपोलच्या ज्या खानावळीत तू स्वयंपाकघर सांभाळतेस, तिथलं इंग्रजी मेनूकार्ड कोण लिहितं? 'काकू, कोंबडीच्या पद्धतीने.' 'मेंढपाळ बारीक चिरून, वर चीज.' 'रागावलेला मासा, काटे विनंतीवरून.' परदेशी प्रवासी फोटो काढतात, खिदळतात आणि पुन्हा मागवतात. आपल्या जेवणाचं, आपल्या माणसांचं हे हसं मी खपवून घेणार नाही! राद्कासमोर हेच गरजलो. ती म्हणाली, "सभा संपली असेल तर सूप घ्या."

मला हे कसं कळलं? जुलैत मी येऊन गेलो. टोपी खाली ओढून मागच्या टेबलावर बसलो. वाढणाऱ्या बाईंना विचारलं, "हे कोणी लिहिलं?"

"कॉम्प्युटरनं, काका."

"कॉम्प्युटरला स्वल्पविराम इतका नेमका देता येतो?"

"तुम्हाला भूक लागलीय की परीक्षा घ्यायचीय?"

आतून कुणीतरी हसलं. तूच. मी आत आलो नाही.

कार्डाच्या मागे प्रवाशांसाठी गमतीजमती होत्या. बल्गेरियात मान आडवी हलवली तर 'हो' समजावं, वगैरे. शेवटची अशी: 'नामदिनाला, म्हणजे आपल्या नावाच्या संताच्या सणाला, घर सगळ्यांना उघडं असतं, आमंत्रण लागत नाही. भाषणं ठोकणाऱ्यांनी मात्र आधी लेखी माफी पाठवावी.'

अख्ख्या कार्डात तेवढ्याच मजकुरात एकही चूक नव्हती. मी टोपी आणखी खाली ओढली, बिल दिलं आणि निघालो.

झ्लातिना, अठ्ठावीस वर्षांपूर्वी शिक्षक संघाच्या सभेत तू माझ्या भाषणाचं इंग्रजी करत होतीस. परदेशी पाहुणे हसले. मी भर सभागृहात म्हणालो, जिला भाषा येत नाही तिने शिकवू नये. महिन्याभरात तू शाळेतली नोकरी सोडलीस. त्यानंतर मी वर्षभर इंग्रजी शिकलो, केवळ तुझी चूक पकडायला. मग सभेची टेप लावली.

चूक नव्हती. मी म्हणालो होतो, "आम्ही तुमच्याकडून शिकायला तयार आहोत, कारण आम्हाला सगळं येतं." तू ते जसंच्या तसं सांगितलंस. ते माझ्यावर हसले होते.

हे मला सत्तावीस वर्षं माहीत आहे. एवढ्या काळात मी दोनशे भाषणं केली असतील. ही कबुली एकातही आली नाही.

अठरा ऑक्टोबरला तुझा नामदिन. सकाळच्या बसने येतोय. माफ कर, हे इथे लेखी देतो. तोंडीही मागेन, तुझ्या खानावळीत, भरल्या टेबलांसमोर. हवं तर तू त्याचं भाषांतर कर. कसंही कर.

इंग्रजी येऊनही गप्प बसलेला,
तुझा थोरला भाऊ
स्तामेन