उडवलेले एक्केचाळीस प्रतिसाद

ती. कुंदनराव भाऊजींना अमरावतीहून सूर्यभानचा वाकून नमस्कार.

पाकीट पाहून घाबरू नका, इकडे कोणी आजारी नाही. (सीमाचे गुडघे सोडून. पण ते पंधरा वर्षांपासून आजारी असल्यामुळे बातमीत धरत नाही.) तुमची तब्येत कशी आहे? रक्तदाबाची गोळी घरूनच घेऊन निघता, की दुकानात अर्धे हार झाल्यावर आठवते? ताई होती तेव्हा पाण्याच्या पेल्यासोबत गोळी हातावर ठेवायची, म्हणून विचारतो. दीड महिन्यात मी तुम्हाला बावीस फोन केले आणि तुम्ही एकही उचलला नाही. तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. शेवटी पोस्टात जाऊन हे पाकीट आणलं. खिडकीवरच्या मुलीनं विचारलं, काका, कुरिअर काहून नाही करत? मी म्हटलं, घाई नाही. घाई आहे, पण ते तिला काय सांगायचं.

विषय आपल्या 'वऱ्हाड बागायत चर्चापीठा'चा आहे. तुम्हाला अर्धी हकीकत ठाऊक आहे, ती तुमच्यावर गुदरलेली अर्धी. उरलेली माझ्यावर गुदरली. शेंदूरजनाघाटच्या गोवर्धननं ती वेबसाइट काढली तेव्हा कल्पना साधी होती, की संत्रावाले, भाजीवाले, फुलवाले यांनी एकमेकांना विचारावं, सांगावं. पहिल्याच महिन्यात भांडणं सुरू झाली आणि गोवर्धननं मला नियंत्रक केलं. एसटीच्या चौकशी खिडकीवर तीस वर्षं बसलेल्या माणसाला लोकांच्या बोलण्याचं काही वाटत नाही, असा त्याचा हिशेब. मी बारा नियम लिहिले. (प्राजक्ता, आमच्यातली दुसरी नियंत्रक, शेतकी शिकलेली मुलगी, म्हणाली पाच पुरतील. मी ऐकलं नाही.) वरुडच्या एकानं लिहिलं की अमुक औषध म्हणजे निव्वळ पाणी आहे. ते औषध विकणारा भडकला. मी ते वाक्य काढलं, तर लोक म्हणाले मी विकला गेलो. ते म्हणणं काढलं, तर म्हणाले मी तोंड दाबतो. म्हणून 'नियंत्रकाविरुद्ध तक्रारी' असा वेगळा विभाग उघडून दिला. आठवड्याभरात चर्चापीठावरचा सगळ्यात गजबजलेला विभाग तोच झाला. तिथेही शिव्या येऊ लागल्या, तेव्हा त्या विभागाला एक नियंत्रक नेमावा लागला. तोही मीच.

मग शिव्यांची यादी केली. एकदा यादी भरली की कंप्युटर आपोआप त्या शब्दांवर फुल्या टाकतो आणि ज्याच्या नावावर तीन वेळा फुल्या पडल्या त्याला आठ दिवस बाहेर काढतो. मला नऊ शिव्या आठवल्या. सीमा मेथी निवडत बसली होती. तिनं मान वर न करता अजून सत्तावीस सांगितल्या. चौतीस वर्षांच्या संसारात त्या तिला येतात हे मला माहीत नव्हतं. (त्यातल्या चार-पाच ऐकताना मात्र तिच्या मनात कोण होतं याचा मला अंदाज आला.) यादीत 'साला' होता. 'मसाला' या शब्दाच्या पोटात 'साला' बसलेला आहे हे आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून सांबारवडीच्या, पाटोडीच्या, गोळाभाताच्या गोष्टींत म आणि पुढे फुल्या दिसू लागल्या. एका बाईंनी लिहिलं, माझ्या सासूच्या हातचा म फुल्या फुल्या कोणाला जमत नाही. त्यांच्या घरी काय झालं असेल, देव जाणे.

आता तुमचं. गेल्या श्रावणात ताई गेली आणि दिवाळीपासून तुम्ही चर्चापीठावर लिहू लागलात. कोणी शेवंतीच्या रोगाबद्दल विचारलं की तुम्ही खाली लिहायचात, वच्छला शेवंतीची वेणी कशी गुंफायची. वांग्याच्या चर्चेचा जो धागा होता, त्यावर ताईचं भरलं वांगं. (मसाल्यासकट, म्हणजे फुल्यांसकट. दोन फुल्या तुमच्या नावावर तिथेच पडल्या.) ठिबकच्या धाग्यावर, लग्न होऊन ती अकोल्याच्या जुन्या शहरात आली तेव्हा नळाला तिचा पहिला नंबर कसा लागला. अचलपूरच्या ललितनं तक्रार केली, मग आणखी तेरा आल्या: हे काका विषय सोडून लिहितात, नियम सातचा भंग. प्राजक्ता म्हणाली, "राहू द्या ना काका. कोणाले त्रास होऊन राहिला?" मी म्हणालो, नियम घरच्यांना वेगळा आणि बाहेरच्यांना वेगळा असं माझ्याकडून व्हायचं नाही. होळीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बसलो आणि तुमचे एक्केचाळीस प्रतिसाद उडवले. संध्याकाळी तुम्ही एकच ओळ लिहिलीत, की नियंत्रक माझा साला आहे. नातं बरोबर होतं. कंप्युटरला नात्यातलं काही कळत नाही. तिसरी फुली पडली, तुम्ही बाहेर गेलात आणि खाली सूचना उमटली: 'नियंत्रक सूर्यभान यांच्या आदेशावरून.' मी तेव्हा चहा पीत होतो हो भाऊजी. पण हे तक्रारींच्या विभागात लिहिलं तर कोण विश्वास ठेवणार?

चौथ्या दिवशी बस धरून अकोल्याला आलो. तुम्ही दुकानात झेंडूचा हार ओवत होतात. मला स्टूल दिलंत, चहा मागवलात आणि ओवत राहिलात. मी बसमध्ये चार वाक्यं जुळवून आणली होती, त्यातलं एकही निघालं नाही. मग तुम्ही हाताकडे पाहतच म्हणालात, "सूर्यभान, तिचं नाव घ्याले तुह्या तिथं कोणता धागा हाय, तेवढं सांगून दे. मी तिथंच लिहीन."

मी काय उत्तर दिलं ते मला आठवतं आणि आठवू नये असं वाटतं. मी म्हणालो, "सूचना नोंदवून घेतो." खिडकीवर तीस वर्षं हेच म्हणत होतो, तोंडाला तेच वळण. तुम्ही मान हलवली आणि गिऱ्हाइकाकडे वळलात. मी कप ठेवून निघालो.

परत आल्यावर 'आठवणी' नावाचा विभाग उघडावा असा प्रस्ताव ठेवला. बाजूनं एकोणीस, विरोधात दोनशे बारा. एकानं विचारलं, बायकोला परवानगी तर बैलानं काय केलं? दुसऱ्यानं विचारलं, बायको जिवंत असेल तर चालते का? ललितनं लिहिलं की घरच्या माणसासाठी नियम बदलणारा नियंत्रक नको, आणि गोवर्धनला ते पटलं. आता नियंत्रक ललित आहे. मागच्या सोमवारी मी कोहळ्याच्या धाग्यावर ताईबद्दल आठ ओळी लिहिल्या. लहानपणी तिनं मला कोहळ्याच्या वेलाखाली लपवून बाबांच्या मारातून वाचवलं होतं, ते. दहा मिनिटांत उडवल्या. नियम सात. नियमाचे शब्द माझेच होते, मी लिहिले तसेच, काना-मात्रेसह. मी बराच वेळ ती कोरी जागा पाहत बसलो. सीमानं विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, विषय सोडून होतं.

असो. उन्हं वाढली आहेत, फुलांवर पाणी मारता तसं स्वतःही पीत जा. दुपारी दुकान बंद करून थोडं पडत जा. सीमा नमस्कार सांगते.

तुमचा,
सूर्यभान

ता. क. उडवलेलं परत आणता येईल का, म्हणून गोवर्धनला विचारलं. तो म्हणाला, तीस दिवसांत सांगितलं असतं तर आलं असतं. मी एकतिसाव्या दिवशी विचारलं. तुम्ही ते कुठे उतरवून ठेवलं असेल तर बरं. नसेल ठेवलं तर तसं कळवा.

दुसरा ता. क. तक्रारी चौदा होत्या हे खरं, पण त्यामुळे उडवलं हे खरं नाही. मी तुमचे प्रतिसाद वाचलेच नव्हते, भाऊजी. पहिल्या ओळीत वच्छला हे नाव दिसलं की पुढे जाववत नव्हतं, आणि रोज ते नाव दिसत होतं. नियम हाताशी होता. ताई एकोणीस दिवस दवाखान्यात होती, त्यात मी दोनदा आलो आणि पाठ धरली आहे असं तुम्हाला सांगितलं. पाठ चांगली होती.

तिसरा ता. क. त्यातल्या शेवटच्या प्रतिसादाची सुरुवात अशी होती: 'जाण्याच्या आदल्या दिवशी वच्छला सूर्यभानबद्दल बोलली.' एवढं वाचलं आणि बटण दाबलं. ती काय बोलली, तेवढं लिहून पाठवा. रागानं बोलली असेल तरी लिहा. फोनवर नको, सीमा जवळ असते.