मोठ्या सिस्टरच्या हातातला ट्रे

तीर्थरूप आईस,

नमस्कार, आणि बाबांच्या दुखऱ्या पायाला वेगळा नमस्कार.

मी ठीक आहे, जेवण वेळेवर होतं. एक गोष्ट तुला कळवली नव्हती. जखमांच्या उपचाराचं खास शिक्षण घेऊनही मोठ्या सिस्टरनी मला वर्षभर इस्पितळाच्या चादरींच्या खोलीत बसवलं होतं. "फार शिकलीस ना? मग घड्या नीट घाल," असं त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या.

गेल्या महिन्यात त्यांच्या यजमानांच्या पायाची जखम चिघळली. बाई खोलीत येऊन हळूच म्हणाल्या, "घरी येऊन ड्रेसिंग करशील का गं?"

"घरी नाही, बाई. मला ड्रेसिंगची ड्यूटी लावा आणि त्यांना रांगेत आणा."

"सूड उगवतेस?"

"हो."

दुसऱ्याच दिवशी ड्यूटी लागली. यजमान रांगेत शेवटी बसले. पुढच्या सगळ्यांच्या जखमा मी सावकाश, नीट धुतल्या. मदतीला कुणी नव्हतं, म्हणून ट्रे बाईंनाच धरायला लावला.

"हात भरून आला गं," त्या म्हणाल्या.

"फार अनुभव आहे ना तुम्हाला? मग नीट धरा."

सगळ्यांनी ऐकलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू?

यजमानांची जखम आता भरत आली आहे. ती पूर्ण भरेपर्यंत ट्रे बाईच धरणार.

बाबांची टाच रोज उजेडात बघतेस ना? काळपट दिसली तर लगेच फोन कर, माझ्यासारखं लपवू नकोस. मी तिथे असते, तर त्यांच्यासाठी ट्रेसुद्धा मीच धरला असता.

तुझी,
चिमी