भिंतीला मारलेलं पाणी

आप्पा,

काल कॉलेजची भूशास्त्राची मुलं घेऊन कोकणात एका किनाऱ्यावर गेले होते आणि तिथं तुमची फार आठवण आली. तुम्ही समुद्र कधी पाहिला नाही. केंदूरच्या माळावर लोकांच्या विहिरी खोदण्यात तुमचं आयुष्य गेलं. यारीच्या दोराला धरून खाली उतरायचं आणि संध्याकाळी वर यायचं, एवढाच तुमचा प्रवास. तरी तिथल्या एका कड्यापाशी माझ्याआधी तुम्हीच पोचला होतात असं वाटलं.

किनाऱ्याला समांतर एक सरळ कडा आहे, दोन पुरुष उंच. आमच्या भाषेत तो भ्रंशकडा. जमीन फाटली, समुद्राकडचा भाग खाली बसला आणि ही पायरी राहिली. मी हे सांगत होते आणि मुलं मोबाइल बघत होती, कारण दाखवायला काही नव्हतं. एक ओढा तो कडा कापून समुद्राकडे जातो. त्याच्या काठाच्या उभ्या दगडात फाटलेली जागा दिसायला हवी होती, पण मीठ आणि धूळ बसून सगळं एकसारखं करडं झालेलं. शेवटी मी होडीवाल्याची बादली मागून आणली आणि समुद्राचं पाणी त्या भिंतीवर मारत सुटले. मुलं हसली. सहाव्या-सातव्या बादलीला गेरूचा तांबडा पट्टा उमटला. डावीकडून डोक्याच्या वरून चालत आला, एका चिरेपाशी तुटला आणि चिरेपलीकडे पायाशी पुन्हा सुरू झाला. मुलं मोबाइल खिशात घालून पुढं सरकली.

ती सवय तुमची. विहिरीत उतरलात की आधी भिंत भिजवायची, मगच पहार उचलायची. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे, दिवाळीच्या सुट्टीत आलेली, आणि तुम्ही शेजारच्या मामांची विहीर खोदताय. वीस हात झालेत, पाण्याचा पत्ता नाही. तुम्ही मला खाली बोलावता, भिंतीवर पाणी मारता आणि असाच तांबडा पट्टा दाखवता, इकडे छातीला, चिरेपलीकडे गुडघ्याला. "जमीन हितं खाली बसलीया. पाणी ह्या चिरंला हाय," तुम्ही म्हणता. आणि मी वर येऊन मामांसमोर, गड्यांसमोर ऐकवते की आपल्याकडचे थर सपाट असतात, ते असे सरकत नाहीत, सरळ खालीच जा. चार पानं वाचून आलेली मी! मामांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. इतक्या वर्षांचा तुमचा शब्द भर माणसांत पडला. तुम्ही एवढंच म्हणालात, "बरं. जाऊ खाली."

आणखी आठ हात सुरुंग लावले, कोरडाच दगड निघाला. मग तुम्ही कुणाला न विचारता विहिरीच्या आतून, चिरेच्या रोखानं, आडवं बोअर मारलंत आणि मनगटाएवढी धार लागली. संध्याकाळी मामा पेढे घेऊन आले, तुमच्या पाया पडायला वाकले. तुम्ही त्यांना वरच्या वर धरलंत आणि माझ्याकडे बोट केलंत.

"आडवं मारायचं मागनं पोरगीनंच सुचवलं."

मी दारातच उभी होते. मी पेढा घेतला आणि खाल्ला. गावात अजून त्या विहिरीला माझ्यावरून बाईंची विहीर म्हणतात आणि मी ते कधी खोडून काढलं नाही. पुढं मोठमोठ्या लोकांबरोबर डोंगर हिंडले, आप्पा, पण तुमच्याइतका दगड कळलेला माणूस मला भेटला नाही. आणि आपलं श्रेय असं सहज दुसऱ्याच्या पदरात टाकणारा तर नाहीच.

हे परतीच्या बसमध्ये फील्डबुकच्या मागच्या पानांवर लिहिते आहे. ते तिथंच राहील. काल एका मुलीनं विचारलं, मॅडम, भिंत भिजवून बघायचं हे तुम्ही कुठं शिकलात? तुमचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. पण मी म्हणाले, अनुभवानं येतं. तिनं ते माझ्या नावासकट वहीत लिहून घेतलं. ती माझ्या पुढच्याच सीटवर बसली आहे. दौंडला मुलं उतरायला अजून तासभर आहे आणि मी अजून उठलेली नाही.