पाणघोड्याच्या पोटावरचा अंगठा

३ नोव्हें., सोम.

पाणघोड्याचा खालचा जबडा पूर्ण. पुढचे दात सहा. दुकानातलं प्लास्टिकचं खेळणं कापून लाखो वर्षांपूर्वीचा पाणघोडा करतेय; खेळण्यात चार होते, आजच्या पाणघोड्याला तेवढेच असतात. आपल्याकडच्या नद्यांच्या गाळात ज्याची हाडं सापडतात त्या जुन्याला सहा. चारही कापून काढले, पुट्टीचे सहा बसवले. सर्वांत लांब ६ मिमी. १५ला, शनिवारी, लोणी काळभोरच्या कॉलेजातल्या मॅडमना द्यायचा आहे. भूगर्भशास्त्राच्या वर्गाबाहेर त्यांचं काचेचं कपाट आहे. माझा एकही प्राणी अजून घराबाहेर गेलेला नाही. ऑफिसात कुणाला माहीत नाही. बरं आहे.

फिजिओ येऊन गेली. बाबांनी बॉल दाबला नाही. "मी काय लहान पोर आहे का?" जूनमधल्या पक्षाघाताच्या झटक्यानंतर चालणं सुधारलं, बोलणं सुधारलं. उजवा हात मांडीवर तसाच. ऑगस्टमध्ये त्या हातातून चहाचा कप पडला, तेव्हापासून तो कशालाच लावला नाही. जेवतातही डाव्याने. फिजिओ जाताना मला दाराशी म्हणाली, "वापरला नाही तर आहे तेही जाईल हं."

५ नोव्हें., बुध.

घरी आले. बाबा टीव्हीसमोर. माझ्याकडे न बघता, "तुझं जनावर बघ जरा."

बाल्कनीत, वर्तमानपत्रावर. पूर्ण करडा. ग्रिल रंगवल्यावर उरलेला स्प्रेचा डबा शेजारी. इनॅमल प्रायमर, रंगाआधी मारायचा.

"प्रायमर न मारता रंग लावणार होतीस. सोलून निघाला असता."

बोट लावलं. चिकटलं.

"छान बसलाय," म्हटलं.

बाबांनी खडकीच्या फॅक्टरीत तीस वर्षं रंग मारला. लोखंडावर. हे मऊ प्लास्टिक. त्यात तेलकट द्रव्य मुरवलेलं असतं, ते वर येत राहतं आणि इनॅमलला वाळू देत नाही. आठवड्यानेही नाही, वर्षानेही नाही. मी पॉलिमरच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर हेच तपासते. रंगापर्यंत आलेला प्राणी बाल्कनीत उघडा ठेवला ही माझी चूक.

राग आला होता. जेवताना बोलले नाही. रोजही फारसं बोलत नाही, त्यामुळे कळलं नसावं.

६ नोव्हें., गुरु.

ऑफिसला जायच्या आधी भिंगाखाली घेतला, रंग काढता येईल का ते बघायला. येणार नाही. थिनर लावला तर दातही जातील.

पण डाव्या कुशीवर, पोटाकडे, एक लांबट डाग. मध्ये रंग नाही, मूळचं प्लास्टिक. म्हणजे स्प्रे मारताना तिथे बोट होतं. बोट जरा सरकलंय, त्या कडेला ठसा. ठशात आडवी रेघ.

आडवी रेघ बाबांच्या डाव्या अंगठ्यावर आहे. पत्रा लागला होता, मी शाळेत असताना.

डाव्या हाताने पाणघोडा धरला होता. मग डबा कशाने दाबला?

आई काल दिवसभर मावशीकडे होती. घरात दुसरं कुणी नव्हतं.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर डबा ठेवला, शून्य केला, तोंडावर पिशवी धरून दाबला. फवारा सुटायला दीड किलोच्या वर जोर लागतो. तीनदा मोजलं. आई म्हणाली, "सकाळी सकाळी काय तोलतेस?" "काही नाही."

बसमध्ये लक्षात आलं की मी हसतेय. शेजारच्या बाई बघत होत्या.

८ नोव्हें., शनि.

"वाळला का?" बाबा रोज विचारतात.

"थंडी आहे. वेळ लागेल."

"थंडीत हवा कोरडी, प्रायमर लवकर वाळतो. दमट हवेत लागतो वेळ. इंजिनिअर ना तू?"

आईला सांगितलं. अंगठा, काटा, सगळं. ती कणीक मळत होती. थांबली. मग म्हणाली, "रंग वाया गेला हे त्यांना कळता कामा नये." मी पण तेच ठरवलं होतं. कळलं तर कपासारखं होईल.

९ नोव्हें., रवि.

दुसरा तसाच पाणघोडा आणून गुपचूप बदलायचा बेत. तीन दुकानं पालथी घातली. डायनासोर ढिगाने, पाणघोडा एका ठिकाणी, तोही जांभळा. ऑनलाइन मागवला, पण तो १७ला येणार. बेत रद्द.

देखावा तरी पूर्ण केला. नदीचा काठ. नगरकडून आणलेला नदीचा गाळ चाळून, वाळवून ठेवलाय, तो डिंकावर पसरला. कडेने सुकवलेलं गवत. पाणी रेझिनचं, दोन थर. फक्त प्राणी नाही.

११ नोव्हें., मंगळ.

कळलं त्यांना.

मी आले तेव्हा पाणघोडा त्यांच्या समोर टीपॉयवर. पाठीवर वर्तमानपत्राचा तुकडा चिकटलेला, राशिभविष्याचा.

"हा वाळणार नाही ना?"

"नाही."

"तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

टीव्ही चालू. मग, "आणि छान बसलाय म्हणालीस. फॅक्टरीत असं खोटं इन्स्पेक्शन केलं असतंस तर मेमो दिला असता."

उजवा हात मांडीवर होता. मी बघतेय हे त्यांनी पाहिलं. मला अंगठ्याचं सांगायचं होतं. तोंडात आलं, आणि—

नाही सांगितलं.

१२ नोव्हें., बुध.

बाबा दिवसभर झोपून, असं आई म्हणाली. फिजिओला परत पाठवलं. मॅडमना कळवायला हवं की जमणार नाही. मेसेज लिहून ठेवला. पाठवला नाही.

१३ नोव्हें., गुरु.

वर्क फ्रॉम होम घेतलं. दुपारी बाबा माझ्या टेबलाशी आले. देखावा बघत उभे.

"हे पाणीबिणी कशाला केलंयस?"

"पाण्यातच असायचा ना तो."

"मग पाण्यातून वर येतो तेव्हा इतका स्वच्छ असतो? चिखल कुठाय अंगावर?"

मी गाळाच्या डब्याकडे बघितलं, मग पाणघोड्याकडे. चिकट आहे. म्हणजे वर काही पडलं तर धरून ठेवेल. हे मला सुचायला हवं होतं. हे मीच नोकरीत करते, चिकट नमुन्यांवर पावडर टाकते.

चहाची गाळणी आणली. आधी मी चाळलं. गाळ एका जागी साचला, ढेकळासारखा.

"दे इकडे." डाव्या हातात पाणघोडा, म्हणून गाळणी उजव्या हातात. मी धरली नाही, मदत केली नाही. त्यांचा हात थरथरतो. तो थरथरला तसा गाळ पडत गेला, बारीक, सगळीकडे सारखा. पाठ, मान, कानांच्या मागे.

"बघतेस काय? फुंकर मार, जास्तीचा उडव."

मारली.

गाळणी दोनदा पडली. दोन्ही वेळा त्यांनीच उचलली. आई दारात उभी राहून म्हणाली, "आता त्या गाळणीत चहा गाळणार नाही मी." आत जाऊन भांड्यांचा खूप आवाज केला.

लिहून ठेवलेला मेसेज पुसला.

१५ नोव्हें., शनि.

लोणी काळभोरला पोचवला. बाबा बरोबर. हडपसरच्या पुढे ट्रॅफिक, तासभर देखावा मांडीवर. गवताची एक काडी पडली, तिथेच चिकटवली.

मॅडमनी आधी दात मोजले. सहा. मान हलवली. मग वाकून कूस बघितली. अंगठ्याच्या जागी रंग नव्हता, म्हणून गाळही बसला नाही. लांबट, स्वच्छ डाग.

"इथे चिखल का नाही?"

मी काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "तिथे मी धरला होता."

"तुम्ही पण करता हे?"

"रंगकाम माझ्याकडे असतं."

परतीच्या वाटेवर बाबा झोपले. बऱ्याच महिन्यांनी मला हलकं वाटलं. एवढंच लिहिते.

१८ नोव्हें., मंगळ.

ऑनलाइन मागवलेला पाणघोडा काल येऊन पडला, ऑर्डर रद्द करायची राहिली होती. बाबांनी खोकं उघडून बघितलं. "याला कुणाचा हात लागलेला दिसत नाही." म्हणजे अंगठ्यावरून मला काय कळलं ते त्यांना माहीत आहे. कधीपासून, ते विचारलं नाही.

२२ नोव्हें., शनि.

मॅडमचा फोन. कपाटात बरा दिसतोय. खालचं द्रव्य वर येत राहणार, गाळ किती दिवस धरेल सांगता येत नाही, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. त्या म्हणाल्या, उन्हाळ्यात परत बघू.

फिजिओने आज पकड मोजली. आधीपेक्षा जरा बरी, पण लगेच अपेक्षा वाढवू नका, म्हणाली. आकडा मागितला नाही. बॉल अजूनही दाबत नाहीत.

पुढचा प्राणी शिवालिकच्या डोंगरातला, जिराफाचा जुना भाऊबंद. मान आखूड, शिंगं पसरट. जिराफ आणलाय. मान कापायची, पाय वाकवायचे. पाय वाकवायला खेळणं गरम पाण्यात मऊ करायचं, मग हव्या त्या कोनात थंड पाण्याखाली धरून ठेवायचं, सोडायचं नाही, नाहीतर परत सरळ होतं. बाबा म्हणाले, मी धरतो. आणि, "प्रायमर कुठला ते या वेळी आधी सांग."

आत्ता सिंकपाशी उभे आहेत, नळ चालू, पाच मिनिटं होत आली. माझ्याकडे पाठ आहे. कोणत्या हाताने धरलाय ते इथून दिसत नाही.