पिकअप कोण चालवत होतं

दादा,

बाल निरीक्षणगृहातले सर रजेवर गेले म्हणून महिनाभर त्यांच्या जागी मी पोरांना शिकवून राह्यले. तू साऱ्या बीबी गावात सांगतलं, हरिओम पुण्याले शिकते. तुहा पोरगा माह्या वर्गात बसते, दादा. बाकीच्या पोरांसमोर मले मॅडम म्हणते.

काल वर्ग सुटल्यावर मी त्याले विचारलं, "खरं सांग, पिकअप तू चालवत होता?"

"नाही. पप्पा होते," तो म्हणाला. "पप्पा म्हणे, तू लहान आहे, लवकर सुटशील. माहं लायसन गेलं त भाजी मार्केटात कोण नेईन?"

त्या धडकेत गेलेल्या बाईच्या घरी तू सांत्वनाले जाऊन आला म्हणे. पोराले भेटायले मात्र एकदाही आला नाही.

मी म्हटलं, "आपण इथल्या अधीक्षक साहेबांना सांगू."

त्यानं माहे हात धरले. "नको आत्या. मंग पप्पा मले घरात घेणार नाहीत."

तुह्या घराची त्याले अजूनही आस आहे, याचाच मले जास्त राग येते. सुटल्यावर तो माह्या घरी राहीन.

हे पत्र मी टाकणार नाही. उद्या साहेबांपुढं बसून सारं सांगणार आहे. मंग तुले कळवायले पोलीसच येतीन.

दीपमाला,
हरिओमची आत्या