डॉक्टरीणबाईंची दोन बोटं

गुलमंडी, औरंगाबाद
१९ सप्टेंबर २०१२

प्रिय आबेदाआपा,

सलाम. तब्येत बरी असेल. गुडघ्यांना तेल चोळतेस ना? का नुसतं व्हय व्हय म्हणतेस?

येत्या मंगळवारी तुझा फारूख तुला करमाडहून वर्षाच्या तपासणीला आणणार, असं कळलं. घाबरू नकोस, माझी काल झाली. उपाशीपोटी ये, रक्त घेतात. गोळ्यांची पिशवी सगळीच्या सगळी आण. वजनाला चपला काढ, मी विसरले आणि उगाच बोलणी खाल्ली. डॉक्टरीणबाई तरुण आहे, लई गोड. वर्षभरात पडलात का, झोप लागते का, विचारते. तीन शब्द सांगते, मग भलत्याच गप्पा मारते आणि तेच शब्द परत विचारते. मला तिन्ही आठवले. आठवण चांगली आहे माझी, तेच तर दुखणं आहे.

शेवटी म्हणाली, "आजी, माझी दोन बोटं घट्ट धरा." धरली. "आता सोडा." माझ्यानं सोडवेना. तिची बोटं पांढरी पडली तरी सोडवेना. नर्सनं येऊन माझा पंजा उकलला. बाहेर बसलेल्या माझ्या मुबारकच्या हातात नसांच्या तपासणीची चिठ्ठी दिली. रात्री जेवला नाही लेक माझा. पण नसांना काही झालेलं नाही.

रोज संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर माझ्या उजव्या हातात एक लहान, घामेजलेला हात येतो. साबणानं धुते, तरी येतो. आपल्या नवाबचा आहे.

निजामाचं राज्य गेलं, पोलीस ॲक्शनच्या त्या आठवड्यात गाव सोडून आपण लासूर स्टेशनवर बसलो होतो. चार वर्षांच्या नवाबला, आपल्या भावाला, अम्मीनं तुझ्याकडं सोपवलं होतं, हे खरं. पण पाणी आणायला जाताना तू त्याचा हात माझ्या हातात दिलास. तू दहाची, मी सातची. तो तुझ्यामागं यायला रडत होता, मला ओढत होता. मला राग आला. म्हटलं, जा मर. आणि हात सोडला. सुटला नाही आपा, मी सोडला. थोडा वेळ गर्दीत त्याचं डोकं दिसत होतं. मी हाकही मारली नाही.

अम्मीनं विचारलं तेव्हा मी म्हणाले, आपाजवळ होता. तू रडून रडून सांगत होतीस, कुणी ऐकलं नाही. पुढं पुढं तूच म्हणायला लागलीस, माझीच चूक असेल. अम्मीनं मरेपर्यंत तुझ्या हातचं पाणी घेतलं नाही. शेवटच्या दिवशीही मीच पाजत होते, आणि तू दाराबाहेर बसली होतीस. मला दिसत होतीस.

आज सकाळी चहाच्या वेळी मुबारकला सगळं सांगितलं. कप तसाच ठेवून दुकानावर गेला. आता तुझ्या घरी कळलं पाहिजे. फारूखची बायको लेकरं तुझ्यासोबत कधी बाजारात पाठवत नव्हती, मला ठाऊक आहे. तू कारण विचारलं नाहीस, तेही ठाऊक आहे.

आपण दोघी उर्दू शिकलो, फारूख नाही शिकला. म्हणून हे मराठीत लिहिलंय. त्याच्याकडूनच मोठ्यानं वाचून घे, सुनेला समोर बसवून.

नवाबचा हात सोडणारी,
अनवरी